ब्रिटिश रॉक बँड, साठचं दशक आणि त्यांचे चाहते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साठच्या दशकातल्या ब्रिटिश बँडांविषयी मी बरीच वर्षं वाचतो-ऐकतो आहे. त्यातही मला जास्त ओढ आहे ती दोन गोष्टींची: तेव्हा रांगेत उभं राहून तिकिटं काढणाऱ्या पोरापोरींनी काय सांगून ठेवलंय, आणि त्यांनी मोजलेले पैसे पुढे कुठे गेले. मराठी वाचक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं चार ओळींत संपतात. पैशांची उत्तरं मात्र लांबली आहेत, कारण तिथे थोडक्यात सांगितलं की अर्धंच सांगितल्यासारखं होतं.

या काळातले ब्रिटिश बँड म्हणजे कोण कोण?

बीटल्स सगळ्यांना माहीत असतात. पण त्याच लिव्हरपूलमधून सर्चर्स आले, जेरी अँड द पेसमेकर्स आले. मँचेस्टरचे हॉलीज आणि हर्मन्स हर्मिट्स, न्यूकॅसलचे ॲनिमल्स, बर्मिंगहॅमचे मूडी ब्लूज आणि स्पेन्सर डेव्हिस ग्रुप, सेंट ऑल्बन्सचे झॉम्बीज, बेलफास्टचा 'देम'. लंडन आणि आसपासचे रोलिंग स्टोन्स, किंक्स, द हू, यार्डबर्ड्स, स्मॉल फेसेस, डेव्ह क्लार्क फाइव्ह. १९६२ च्या अखेरीपासून १९७० पर्यंतचा काळ साधारणपणे धरला जातो.

या सगळ्यांच्या रेकॉर्ड मुख्यतः चार कंपन्या काढायच्या: ईएमआय, डेका, पाय आणि फिलिप्स. दारं चार आणि बाहेर शेकडो बँड उभे. पुढे करारांबद्दल जे लिहिलं आहे ते वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवा.

हे तेव्हाच आणि तिथेच का घडलं?

एकच कारण सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. बऱ्याच गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या. तरुणांना सक्तीने लष्करात नेणं १९६० मध्ये थांबलं, त्यामुळे अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी बँड मोडण्याची वेळ आली नाही. अमेरिकन गिटारींच्या आयातीवरची बंदी १९५९ मध्ये उठली. हप्त्याने वस्तू घेण्यावरचे निर्बंध १९५८ मध्ये सैल झाले, म्हणजे कारखान्यात काम करणारा पोरगाही गिटार-ॲम्प्लिफायर घेऊ शकला. त्याआधी १९५६ च्या सुमारास लॉनी डोनेगनच्या 'स्किफल' संगीताने हजारो मुलांना तीन कॉर्डवर गाणं वाजवायची हिंमत दिली होती. आणि चित्रकलेची महाविद्यालयं! जॉन लेनन, कीथ रिचर्ड्स, पीट टाउनशेंड, रे डेव्हिस हे सगळे आर्ट स्कूलचे विद्यार्थी. अभ्यासाचा जाच कमी, वेळ भरपूर आणि आजूबाजूला आपल्यासारखीच मुलं.

चाहत्यांच्या आठवणींत सगळ्यात जास्त काय येतं?

तुम्हाला वाटेल गाणी. पण आधी येतात वास, जागा आणि वेळा.

लिव्हरपूलच्या मॅथ्यू स्ट्रीटवरचा कॅव्हर्न क्लब हे त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण. विटांच्या कमानींचं तळघर, हवा यायला वाट नाही, दारू मिळत नाही. जंतुनाशकाचा आणि घामाचा मिसळलेला दर्प कपड्यांना असा चिकटायचा, की पोरगी कुठे जाऊन आली ते घरी लगेच कळायचं. भिंतींवरून ओल निथळायची. बीटल्स तिथे दुपारच्या सुट्टीतही वाजवायचे. ऑफिसात टायपिंग करणाऱ्या मुली डबा घेऊन जायच्या आणि तासाभराने परत टेबलाशी. फेब्रुवारी १९६१ ते ऑगस्ट १९६३ या काळात बीटल्स तिथे जवळजवळ तीनशे वेळा वाजले. पुढे जगप्रसिद्ध झालेली गायिका सिला ब्लॅक तेव्हा तिथे कोट सांभाळायचं काम करायची.

दुसरी आठवण रेडिओ लक्झेंबर्गची. रात्री २०८ मीटरवर लागायचं, आवाज मध्येच विरून जायचा आणि पुन्हा यायचा. उशीखाली ट्रान्झिस्टर ठेवून, आईवडिलांना कळू न देता ऐकणं ही त्या पिढीतल्या असंख्य माणसांची सामायिक आठवण आहे. रेडिओ सिलोनवर कान लावून बसलेल्या आपल्या घरांतल्या माणसांना ती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

तिसरी, शुक्रवार संध्याकाळची. ऑगस्ट १९६३ मध्ये 'रेडी स्टेडी गो' हा टीव्ही कार्यक्रम सुरू झाला. लंडनमध्ये या आठवड्यात कोणता नाच चाललाय, केस कसे कापायचे, शर्टाची कॉलर कशी, हे सगळं त्यात दिसायचं आणि सोमवारी शाळेत त्याची उजळणी व्हायची.

आणि चौथी, सिनेमागृहातल्या दौऱ्यांची. तेव्हा एक बँड दोन तास वाजवतोय असं क्वचितच व्हायचं. एका तिकिटात सहा-सात कलाकार, प्रत्येकाला दहा-वीस मिनिटं, आणि एका संध्याकाळी दोन खेळ. फेब्रुवारी १९६३ मध्ये बीटल्स अशाच एका दौऱ्यावर निघाले तेव्हा मुख्य नाव सोळा वर्षांच्या हेलन शपिरोचं होतं. बीटल्स जाहिरातीत खाली कुठेतरी. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत स्टोन्स एव्हर्ली ब्रदर्स आणि बो डिडली यांच्यासोबत फिरत होते. ज्यांनी पहिला खेळ पाहिला ते बाहेर पडताना दुसऱ्या खेळाच्या रांगेला भेटायचे. 'कसं झालं?' 'काही ऐकूच आलं नाही!' हा संवाद गावोगावच्या आठवणींत येतो.

खरंच काही ऐकू यायचं नाही?

खरंच. गर्दी वाढली त्या वेगाने ध्वनियंत्रणा वाढली नाही. रंगमंचावर वाजवणाऱ्यांना स्वतःचा आवाज ऐकवणारे मॉनिटर स्पीकर नव्हते. १५ ऑगस्ट १९६५ ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये ५५,६०० लोकांसमोर बीटल्सचं गाणं मैदानातल्या घोषणांसाठीच्या भोंग्यांतून गेलं. ड्रम वाजवणारा रिंगो पुढच्या तिघांच्या हालचाली पाहून गाण्यात आपण कुठे आहोत याचा अंदाज घ्यायचा. वर्षभराने, २९ ऑगस्ट १९६६ ला सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी शेवटचा तिकिटाचा कार्यक्रम केला.

त्यात जेलीबेबीज या मऊ गोळ्यांचा मारा. जॉर्ज हॅरिसनला त्या गोळ्या आवडतात असं छापून आलं आणि ब्रिटनभर रंगमंचावर त्यांचा पाऊस पडू लागला. अमेरिकेत मुलांनी त्याऐवजी जेलीबीन्स फेकल्या. त्या टणक असतात, चांगल्याच लागायच्या.

आठवणींवर किती भरवसा ठेवायचा?

तारखांच्या बाबतीत कमी, बाकी पुष्कळ. कॅव्हर्नमध्ये 'मी होतो' म्हणणारे सगळे खरे धरले तर त्या तळघरात निम्मं लिव्हरपूल मावायला हवं होतं. पण ज्याला तिकिटाची किंमत, सोबतचे इतर कलाकार आणि घरी परतायची बस आठवते, त्याचं सांगणं मी सहसा खरं धरतो.

आणि ज्या संस्थांनी नोंदी ठेवायच्या त्यांनी काय केलं तेही पाहा. 'टॉप ऑफ द पॉप्स' हा बीबीसीचा कार्यक्रम १ जानेवारी १९६४ ला मँचेस्टरमधल्या एका जुन्या चर्चच्या इमारतीतून सुरू झाला. साठच्या दशकातले त्याचे बहुतेक भाग पुसून त्याच टेपवर दुसरं काहीतरी चित्रित झालं. टेप महाग होती आणि पॉप संगीत जपून ठेवावं असं कुणाला वाटलं नाही. बीटल्स या कार्यक्रमात प्रत्यक्ष आले ते १६ जून १९६६ ला. तेही गेलं. २०१९ मध्ये त्यातले मोजके सेकंद हाती लागले: कुणीतरी घरातल्या टीव्हीच्या पडद्यावरून ८ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने टिपलेले, मुके. बीबीसीने पुसलं ते एका चाहत्याच्या घरात टिकलं. म्हणून 'चाहत्यांच्या आठवणी म्हणजे भाबडेपणा' असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

अमुक गाणं 'एक नंबर'वर होतं की नव्हतं? प्रत्येक ठिकाणी वेगळं का लिहिलेलं असतं?

कारण खपाच्या याद्या अनेक होत्या. 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस', 'मेलडी मेकर', 'डिस्क', 'रेकॉर्ड रिटेलर' हे सगळे आपापल्या दुकानांना विचारून आपापली यादी छापायचे, आणि बीबीसी त्यांची सरासरी काढायची. सगळ्यांसाठी एकच यादी फेब्रुवारी १९६९ पासून. बीटल्सचं दुसरं सिंगल (दोन बाजूंना एकेक गाणं असलेली छोटी तबकडी) १९६३ मध्ये दोन मोठ्या साप्ताहिकांत पहिलं होतं, 'रेकॉर्ड रिटेलर'मध्ये दुसरं. पुढे इतिहासासाठी 'रेकॉर्ड रिटेलर' प्रमाण मानला गेला, म्हणून २००० साली निघालेल्या त्यांच्या एक नंबरच्या गाण्यांच्या संग्रहात ते गाणंच नाही. ज्या मुलीने १९६३ मध्ये साप्ताहिकातली यादी कापून वहीत चिकटवली होती तिची वही चुकीची नाही.

समुद्रातल्या जहाजांवरून रेडिओ चालवायची गरज का पडली?

बीबीसीला रेकॉर्ड वाजवायला तासांची मर्यादा होती. रेडिओवर सगळं रेकॉर्डांवरूनच वाजू लागलं तर वादकांचा रोजगार बुडेल, या भीतीने वादकांच्या संघटनेने आणि रेकॉर्ड कंपन्यांनी ती करारात घालून घेतली होती. त्यामुळे बँडना बीबीसीच्या स्टुडिओत येऊन तीच गाणी पुन्हा वाजवावी लागायची. अशा कित्येक ध्वनिफिती आज अनमोल वाटतात, पण तेव्हाच्या मुलांना मूळ रेकॉर्ड ऐकायची होती.

२८ मार्च १९६४ ला, ईस्टरच्या सुट्टीत, रोनन ओ'राहिलीने इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याबाहेर जहाजावरून 'रेडिओ कॅरोलाइन' सुरू केला. सागरी हद्दीबाहेर असल्याने कायद्याचा हात पोचत नव्हता. वर्षअखेरीस 'रेडिओ लंडन' आला. दिवसभर संगीत, तेही तरुण निवेदकांच्या मोकळ्या बोलण्यासह! १४ ऑगस्ट १९६७ ला नवा कायदा लागू होऊन हे बेकायदा ठरलं आणि ३० सप्टेंबरला बीबीसीने 'रेडिओ वन' काढला, बंद पडलेल्या जहाजांवरचेच बरेच निवेदक घेऊन. कॅरोलाइनवर पैसे घेऊनही गाणी वाजवली जात, ही बाजूही विसरू नये. तरी त्या साडेतीन वर्षांत लहान बँडना जी वाट मिळाली ती दुसरीकडे कुठेच नव्हती असं माझं ठाम मत आहे.

एका रेकॉर्डमागे बँडला किती मिळायचं?

आधी जुना हिशेब समजून घ्या. १२ पेनींचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड, म्हणजे पौंडाला २४० पेनी. आपल्याकडे आणे-पै १९५७ पासून गेले. ब्रिटनमध्ये ही पद्धत फेब्रुवारी १९७१ पर्यंत चालली.

१९६२ च्या करारानुसार ईएमआय बीटल्सना एका सिंगलमागे एक पेनी द्यायची. चौघांत मिळून एक पेनी, आणि त्यातच मॅनेजर ब्रायन एपस्टाइनचा वाटा. दुकानात सिंगल साडेसहा शिलिंगांच्या आसपास मिळायचं, म्हणजे सुमारे ७८ पेनींना. दहा लाख प्रती खपल्या तर एकूण ४,१६६ पौंड. त्यातून एपस्टाइनचे २५ टक्के गेले की प्रत्येकाच्या हाती साधारण ७८० पौंड. परदेशातल्या विक्रीवर दर आणखी कमी होता.

आता दुसरा आकडा. गाणं लिहिणारा आणि त्याचा संगीत-प्रकाशक यांना मिळून कायद्याने ठरलेला दर होता किमतीच्या सव्वासहा टक्के, म्हणजे चार पेनींच्या वर. तो तबकडीच्या दोन्ही बाजूंत निम्मा-निम्मा वाटला जायचा. म्हणजे गाणाऱ्या-वाजवणाऱ्या अख्ख्या बँडपेक्षा गाणं ज्याच्या नावावर त्याला कितीतरी जास्त. स्टोन्सचा मॅनेजर अँड्र्यू लूग ओल्डहॅमने जॅगर-रिचर्ड्सच्या मागे 'स्वतः गाणी लिहा' असा तगादा का लावला, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

आणि निर्माता? जॉर्ज मार्टिन ईएमआयचा पगारी नोकर होता. करोडो रेकॉर्ड खपल्या, त्याला रॉयल्टी शून्य. १९६५ मध्ये त्याने नोकरी सोडून इतरांबरोबर स्वतःची कंपनी काढली. स्टुडिओतल्या भाडोत्री वादकांना तर तीन तासांच्या बैठकीची ठरलेली बिदागी मिळाली की विषय संपला. क्लेम कॅटिनी हा ड्रमवादक चाळीसहून अधिक एक नंबर गाण्यांवर वाजला आहे. त्याचं नाव किती जणांना माहीत आहे?

गाणं एकाचं आणि नाव दुसऱ्याचं, असं कसं व्हायचं?

तबकडीची मागची बाजू हा त्यातला सोपा रस्ता. पुढच्या गाजलेल्या गाण्याइतकाच पैसा मागच्या, कुणी न ऐकलेल्या गाण्याला मिळायचा, कारण तबकडी एकच विकली जायची. म्हणून मॅनेजर आणि निर्माते मागच्या बाजूला आपलं किंवा आपल्या माणसाचं गाणं बसवायचे. जुनं लोकगीत घ्यायचं आणि 'संयोजन अमुक यांचं' असं छापायचं, हाही सर्रास चालणारा प्रकार.

लोकगीताचीच सगळ्यात बोचरी गोष्ट ॲनिमल्सची. १९६४ च्या त्यांच्या जगभर गाजलेल्या गाण्याची चाल पारंपरिक होती आणि बांधणी पाचही जणांनी मिळून केलेली. लेबलावर पाच नावांना जागा नाही म्हणून संयोजक म्हणून एकट्या ॲलन प्राइसचं नाव छापलं, असं बाकीच्यांनी सांगितलं आहे. रॉयल्टी त्या एका नावाला गेली. पुढच्याच वर्षी प्राइस बँड सोडून गेला. मनं कायमची दुखावली.

प्रोकोल हारमच्या १९६७ च्या गाण्यातला ऑर्गन आठवतोय? तो रचणारा मॅथ्यू फिशर जवळजवळ ४० वर्षांनी न्यायालयात गेला. ३० जुलै २००९ ला हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, त्याचा ४० टक्के वाटा मान्य केला. दावा उशिरा केला म्हणून हक्क जात नाही, असं तिथल्या न्यायमूर्तींनी ठरवलं. मागचे पैसे मात्र मिळाले नाहीत.

निर्माता जो मीकचं तर आयुष्यच यात गेलं. लंडनच्या ३०४, हॉलोवे रोडवरच्या भाड्याच्या घरात त्याने स्टुडिओ थाटला होता. तिथे घडलेली, टॉर्नेडोज बँडने वाजवलेली १९६२ ची धून अमेरिकेत एक नंबरवर गेली, ब्रिटिश बँडसाठी पहिल्यांदाच. लगेच एका फ्रेंच संगीतकाराने चाल चोरल्याचा दावा लावला आणि रॉयल्टी गोठली. कर्ज आणि मानसिक आजाराने पोखरलेल्या मीकने ३ फेब्रुवारी १९६७ ला घरमालकिणीला गोळी घालून स्वतःचाही जीव घेतला. दाव्याचा निकाल त्याच्या बाजूने लागला तेव्हा तो नव्हता.

मॅनेजर सगळे लुबाडणारेच होते का?

नाही. हा प्रश्न 'हो-नाही'त संपवणं अन्यायाचं होईल.

एपस्टाइन हा रेकॉर्डच्या दुकानाचा मालक. १ जानेवारी १९६२ ला डेकाने बीटल्सची चाचणी घेऊन त्यांना नाकारलं, त्यानंतरही तो कंपन्यांचे उंबरे झिजवत राहिला. त्याचा प्रामाणिकपणा वादातीत, पण धंद्याची समज अपुरी. बीटल्सचे विग, बाहुल्या, डबे विकायचे हक्क त्याच्या वकिलामार्फत असे गेले की सुरुवातीला ९० टक्के घेणाऱ्याला आणि १० टक्के आपल्याकडे. गाण्यांसाठी १९६३ मध्ये निघालेल्या 'नॉर्दर्न साँग्ज' कंपनीत निम्मी मालकी प्रकाशक डिक जेम्सच्या बाजूला गेली. १९६९ मध्ये जेम्सने आपले शेअर एटीव्ही या टीव्ही कंपनीला विकले, लेनन-मॅकार्टनींना आधी न विचारता. आपलीच गाणी त्यांच्या हातून गेली.

डॉन आर्डन हा वेगळ्या जातीचा माणूस. स्मॉल फेसेसला तो आठवड्याला माणशी २० पौंड पगार द्यायचा आणि लंडनच्या कार्नबी स्ट्रीटवरच्या कपड्यांच्या दुकानांत उधारीचं खातं. पोरं भारी कपडे घालून टीव्हीवर झळकत होती आणि बँकेत काही नव्हतं. गायक स्टीव्ह मॅरियट १९९१ मध्ये गेला, रॉनी लेन १९९७ मध्ये. त्या गाण्यांच्या कमाईचा न्याय्य वाटा दोघांनाही मिळाला नाही. साठच्या दशकातल्या सगळ्या हिशेबांत मला सर्वांत जास्त छळतो तो हा.

ॲलन क्लाइनने १९६५ मध्ये स्टोन्सना डेकाकडून भरघोस रक्कम काढून दिली, त्यामुळे सगळे खूश. नंतर कळलं की त्या वर्षांतल्या ध्वनिमुद्रणांची मालकीच त्याच्या कंपनीकडे गेली आहे. ती आजही तिथेच आहे. किंक्सच्या रे डेव्हिसचे गीतकार म्हणून मिळायचे पैसे मॅनेजरांच्या आपसातल्या खटल्यापायी वर्षानुवर्षं अडकून पडले.

करारावर सही करणारी मुलं अठरा-वीस वर्षांची होती, अनेकांच्या वतीने आईवडिलांनी सह्या केल्या. पर्याय काय होता? सही केली नाही तर पुढचा बँड दाराबाहेर उभा होताच.

स्वतःचे हक्क राखणारं कुणीच नव्हतं?

होता, लंडनमधल्या टॉटनमचा डेव्ह क्लार्क. ड्रम वाजवायचा, निर्माताही तोच, मॅनेजरही तोच. ध्वनिमुद्रण स्वतःच्या पैशाने करायचा आणि ईएमआयला ठरावीक वर्षांसाठी फक्त वापरायला द्यायचा. मालकी त्याचीच. पुढे 'रेडी स्टेडी गो'चे उरलेले भागही त्यानेच विकत घेतले. त्याची दुसरी बाजू अशी, की त्याने ठरवलं तेव्हाच रेकॉर्ड पुन्हा निघाल्या. मधली कितीतरी वर्षं त्या दुकानांत नव्हत्याच, आणि एवढा मोठा बँड पुढच्या पिढ्यांच्या विस्मरणात गेला.

किंचाळणाऱ्या मुलींनाच फार महत्त्व दिलं जातं, असं नाही वाटत?

उलट, फार कमी दिलं जातं. रेकॉर्ड विकत घेतल्या त्यांनी, रात्रभर फुटपाथवर झोपून तिकिटं काढली त्यांनी, आणि संगीताची समज असल्याचं श्रेय मात्र मुलांना मिळालं.

बीटल्सच्या चाहता मंडळाचं काम लिव्हरपूलची फ्रीडा केली बघायची, सुरुवात केली तेव्हा ती किशोरवयातच होती. आधी तिने घरचा पत्ता दिला होता. टपाल एवढं येऊ लागलं की वडील वैतागले. कुणी केसांची बट मागितली तर खरीच बट जायची. मंडळाच्या सभासदांना १९६३ ते १९६९ दर नाताळात बीटल्सच्या बोलण्या-गाण्याची लवचीक प्लॅस्टिकची तबकडी टपालाने मिळायची, दुकानात ती विकत मिळत नसे. 'बीटल्स मंथली' मासिकाचे ऑगस्ट १९६३ ते डिसेंबर १९६९ या काळात ७७ अंक निघाले.

४ फेब्रुवारी १९६८ ला ॲबी रोड स्टुडिओत एका गाण्याला उंच पट्टीतला आवाज हवा होता. रविवार, गायिका कुठून आणणार? पॉल मॅकार्टनीने बाहेर थांबलेल्या मुलींना विचारलं. १६ वर्षांची ब्राझीलची लिझी ब्राव्हो आणि लंडनची गेलीन पीझ आत गेल्या आणि गायल्या. ते ध्वनिमुद्रण पुढे वन्यजीव निधीसाठीच्या रेकॉर्डवर निघालं.

या सगळ्याशी आपल्याकडचा काही खरा संबंध आहे का?

आहे, आणि ओढूनताणून आणायची गरज नाही. एप्रिल १९६६ मध्ये बीटल्सच्या एका गाण्यावर तबला वाजवला अनिल भागवत यांनी, आणि रेकॉर्डच्या वेष्टनावर त्यांचं नाव छापलं गेलं. बाहेरच्या वादकाला असा मान तेव्हा फार क्वचित मिळायचा. पुढच्याच वर्षी हॅरिसनच्या गाण्यावर दिलरुबा, तंबोरा आणि तबला वाजवणाऱ्या लंडनमधल्या भारतीय वादकांना तो मिळाला नाही. अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कंसारा, नटवर सोनी ही नावं लोकांसमोर यायला कित्येक वर्षं गेली.

जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत एका चित्रपटाचं संगीत ध्वनिमुद्रित करत होता. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया. बीटल्सचा आधीचा ड्रमवादक पीट बेस्ट जन्मला मद्रासमध्ये, १९४१ साली. १९६२ मध्ये त्याला काढून टाकलं, पण १९९५ च्या एका संग्रहात त्याने वाजवलेली गाणी आली आणि त्याला चांगली रॉयल्टी मिळाली. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत 'हेक्टिक्स' नावाच्या बँडमध्ये पियानो वाजवणारा फारोख बलसारा १९६४ मध्ये कुटुंबासह लंडनला गेला. पुढच्या काही वर्षांत तो जिमी हेंड्रिक्सचा नादावलेला चाहता होता. फ्रेडी मर्क्युरी हे नाव त्याने नंतर घेतलं.

त्या गाण्यांचे हक्क आज कुणाकडे आहेत?

'नॉर्दर्न साँग्ज'चा संग्रह १९८५ मध्ये मायकल जॅक्सनने ४ कोटी ७५ लाख डॉलरना घेतला, १९९५ मध्ये त्यात सोनीची भागीदारी आली, आणि २०१६ मध्ये सोनीने उरलेला हिस्साही घेतला. ध्वनिमुद्रणाच्या हक्कांची मुदत ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०१३ पासून ५० वरून ७० वर्षं झाली, पण ५० वर्षांत काही प्रसिद्धच केलं नसेल तर संरक्षण जातं. म्हणून २०१३ च्या डिसेंबरमध्ये बीटल्सची १९६३ ची कपाटातली ध्वनिमुद्रणं घाईने बाहेर आली.

घरात जुन्या भारतीय बनावटीच्या रेकॉर्ड आहेत. त्यांना किंमत आहे का?

बघून मग ठरवा, रद्दीत देऊ नका. कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात बीटल्सच्या रेकॉर्ड छापल्या जायच्या. घरोघरी अजून ७८ गतीचे ग्रामोफोन होते म्हणून त्यांची काही गाणी ७८ गतीच्या, फुटणाऱ्या तबकड्यांवरही निघाली. ब्रिटनमध्ये तेव्हा ७८ बंद झाल्या होत्या, त्यामुळे जगभरचे संग्राहक या भारतीय तबकड्यांच्या शोधात असतात. उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका, साबण लावू नका.

माझी आत्या साठच्या दशकात नोकरीसाठी इंग्लंडला गेली होती. तिच्या आठवणी टिपायच्या आहेत, काय विचारू?

'बीटल्स आवडायचे का?' असं विचारू नका, 'हो' म्हणून ती गप्प बसेल. कोणतं गाव, कोणतं सिनेमागृह, पहिला खेळ की दुसरा, सोबत कोण होतं, तिकीट किती शिलिंगांचं, त्या आठवड्याचा पगार किती होता, परत कशी आली, हे विचारा. पहिली रेकॉर्ड कोणत्या दुकानातून घेतली आणि ती वाजवायला यंत्र कुणाकडे होतं तेही. रांगेत तिला कुणी आपलं मानलं की बाजूला ठेवलं हा प्रश्नही टाळू नका. तिथे गेलेल्या भारतीय मुलींचं यावरचं लेखन मला फार कमी सापडलं आहे. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा, मध्ये बोलू नका, तारखा नंतर वर्तमानपत्रांच्या संग्रहातून पडताळता येतात. तिकीट, कार्यक्रमपत्रिका, फोटो असतील तर दोन्ही बाजू स्कॅन करा, कारण फोटोमागे बहुधा स्टुडिओचा शिक्का आणि वर्ष असतं.